मुठीवरचा पिवळा डाग

आमच्या पद्मिनीच्या ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराची आतली मूठ मधोमध पिवळी पडली होती. बाबांचा अंगठा आणि पहिली दोन बोटं रोज जिथे टेकत, नेमक्या तिथे. आई म्हणायची, "पितळ उघडं पडलं." म्हण आणि वस्तू अशा एका जागी भेटल्या की माणूस पुढे चौकशी करत नाही. मीही वीस वर्षं केली नाही. गाडी नीट करायला काढली, तेव्हा ती मूठ घेऊन एका वयस्कर प्लेटिंगवाल्यांकडे गेलो. त्यांनी ती तळहातावर तोलली, उलटी केली आणि मागच्या बाजूने कानशीचा एक हलका हात मारला. आतून राखाडी, किंचित निळसर धातू दिसला.

"काका, पितळच ना?" मी विचारलं.

"ह्यात पितळ कुठलं? हे जस्त आहे. आणि पिवळं दिसतंय ते निकेल."

पिशवीत मी धातू चमकवायच्या मलमाची नवी ट्यूब नेली होती. त्या पिवळ्या डागावर जोर लावून घासायला बसलो असतो, तर उरलंसुरलं निकेलही गेलं असतं. त्याखालचं तांबं वर आलं असतं आणि त्याच्याही खालचं जस्त उघड्यावर पडलं असतं. डाग म्हणजे मळ नव्हता. एक थर संपून दुसरा दिसू लागला होता. जुन्या गाडीच्या आतल्या धातूकामाला हात लावणाऱ्याने सगळ्यात आधी हे समजून घ्यायला हवं. आपण पुसतो आहोत की खरवडतो आहोत, हे हाताला आपोआप कळत नाही.

ज्याला आपण सरसकट 'क्रोम' म्हणतो, त्यात क्रोमियम फार थोडं असतं. शोभेच्या क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन जाड असतो. डोक्याचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास धरला, तर क्रोम त्याच्या दीडशे ते पावणेतीनशे पट पातळ. खरी चमक येते ती त्याखालच्या निकेलच्या थरातून, जो दहा ते तीस मायक्रॉनांचा असतो. निकेलचा रंग उबदार, पिवळसर. क्रोम त्याला निळसर थंड झाक देतं आणि मुख्य म्हणजे काळवंडू देत नाही. १९२०च्या दशकात क्रोम चढवण्याची रीत व्यवहारात आली, त्याआधीच्या मोटारींवर नुसतं निकेल असायचं आणि ते सतत पुसत राहावं लागायचं. म्हणजे बाबांच्या बोटांनी त्या मुठीला मोटारीच्या इतिहासात पन्नास वर्षं मागे नेलं होतं. सत्तरच्या दशकातल्या मुठीवर विसाच्या दशकाचा रंग आला होता.

हे सगळं पद्मिनीच्या निमित्ताने सांगतो आहे, कारण महाराष्ट्रात जुनी गाडी म्हटलं की अजूनही तीच डोळ्यांपुढे येते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघू लागली, १९६४पासून 'डिलाइट' आली आणि १९७४पासून तिचं नाव पद्मिनी झालं. २००१पर्यंत जवळपास तोच साचा चालू राहिला. मुंबईत शेवटी नोंदली गेलेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी शहरात अधिकृतपणे उरली नाही. तिच्या आत बसल्यावर हाताशी धातूच धातू असायचा. दाराच्या मुठी, काच वर-खाली करायची हँडलं, त्यांच्या मुळाशी बसवलेल्या चकत्या, पुढच्या तिकोनी काचेची कडी, ॲश-ट्रेचं झाकण, आरशाचा दांडा, पायाशी उंबऱ्यावर ठोकलेल्या पट्ट्या. आजच्या गाडीत ह्यातलं जवळजवळ सगळं प्लॅस्टिक आहे. म्हणून ती मूठ ओढली की बोटांना जो गारवा लागतो, तो जुन्या गाडीतच लागतो.

सगळे चकचकीत भाग दुरून सारखे दिसतात. पण त्यांच्या पोटात चार-पाच वेगळे धातू असतात आणि एकाला जे औषध तेच दुसऱ्याला विष. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. सुटा केलेला भाग हातात घ्यावा. ॲल्युमिनियम पाण्याच्या पावणेतीन पट जड, जस्ताचा मिश्रधातू साडेसहा पटींहून थोडा जास्त, पोलाद पावणेआठ पट, पितळ साडेआठ पट. एवढा फरक नुसत्या हाताला कळतो. पट्टी असेल तर बहुधा ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील. नक्षीदार, वळणावळणाची, मागून पोकळ अशी मूठ असेल तर बहुधा साच्यात दाबून ओतलेलं जस्त. लोहचुंबकावर मात्र फार विसंबू नये. स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही असं आपण भांड्यांच्या दुकानात ऐकतो, पण मोटारीच्या पट्ट्यांना वापरलं जाणारं निकेलविरहित स्टेनलेस चुंबकाला चांगलं चिकटतं. मी स्वतः उंबऱ्याच्या पट्ट्या साध्या लोखंडाच्या समजून बाजूला टाकल्या होत्या. नंतर लक्षात आलं की इतक्या वर्षांत त्यांच्यावर लाल गंजाचा एक ठिपकाही नव्हता.

एक युक्ती मला विशेष आवडते. घरातला मल्टिमीटर घ्यायचा आणि त्याची दोन्ही टोकं चमकत्या पट्टीवर हलकेच टेकवायची. वीज वाहिली तर वर उघडा धातू आहे, मग तो क्रोम असो, स्टेनलेस असो. वाहिली नाही तर पट्टीवर वीज अडवणारा काहीतरी थर आहे, एकतर पारदर्शक लॅकर किंवा ॲल्युमिनियमवरचा ॲनोडायझिंगचा थर. हा थर म्हणजे ॲल्युमिनियमचीच मुद्दाम वाढवलेली ऑक्साइडची कातडी. पाच ते पंचवीस मायक्रॉनांची, काचेसारखी कठीण. तिच्यावर कितीही मलम चोळलं तरी आतल्या धातूपर्यंत काही पोचत नाही. वर्षानुवर्षं अशी पट्टी घासून "चमकच येत नाही" म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. ते बिचारे काच घासत होते.

आता चमक म्हणजे काय, हेही पाहायला हवं. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. पृष्ठभागावरचे उंचवटे आणि खड्डे ह्याहून बरेच लहान झाले, की प्रकाशाला तो पृष्ठभाग सपाट वाटतो आणि आरशासारखा परततो. उंचवटे मोठे असले की प्रकाश विखुरतो आणि धातू मंद दिसतो. म्हणजे चमक वरून लावता येत नाही. उंचवटे कापून खड्ड्यांच्या तळापर्यंत आणावे लागतात आणि कापलेला धातू कायमचा जातो. पॉलिश करताना फडक्याला जे काळं लागतं, त्याला लोक मळ समजतात. त्यातला बराचसा भाग म्हणजे धातूची अतिबारीक पूड असते. भरीव पितळी समईचं एक-दोन पिढ्यांच्या घासण्याने फारसं बिघडत नाही. तीस मायक्रॉनांच्या निकेलचं बिघडतं.

चमक आणण्याचा दुसरा मार्गही आपल्याकडे आहे, तो इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत तांब्या-पितळेच्या भांड्यांवर मठारकाम करतात. गुळगुळीत हातोड्याच्या जवळजवळ ठोक्यांनी पृष्ठभागावर लहान लहान चकाकते पैलू उठतात, आणि ठोकल्याने धातू कडकही होतो. तिथे धातू कापला जात नाही, दाबला जातो. मोटारीच्या पट्टीला असा हात लावता येत नाही, पण डेंटर जेव्हा स्टेनलेसच्या पट्टीचा पोचा आतून बारीक हातोडीने हळूहळू वर काढतो, तेव्हा मला तांबट आळीचीच आठवण होते. तोही धातू घालवत नाही, त्याला जागेवर आणतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पहिलं काम धुण्याचं. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण दोन थेंब, मऊ टूथब्रश, आणि धुतल्यावर ताबडतोब कोरडं करणं. ज्यांना 'खराब झालं' म्हणून प्लेटिंगला पाठवायचं ठरलेलं असतं, त्यातले निदान निम्मे भाग एवढ्याने सुधारतात, असा माझा अनुभव आहे. सिगारेटच्या धुराचं पिवळं कीट, हातांचं तेल, सीट पुसायच्या पॉलिशचा मेणचट थर, हे सगळं क्रोमवर बसतं आणि क्रोम गेल्यासारखं वाटतं. आपल्या घरातली हुकमी औषधं मात्र इथे चालत नाहीत. चिंच आणि लिंबू तांब्यावरचं ऑक्साइड सुरेख विरघळवतात, पण क्रोमच्या थराला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं आणि चिरा असतात. त्यातून आंबट पाणी खाली उतरलं की जस्ताला गाठतं. जस्त असं विचित्र आहे की त्याला आम्ल खातं आणि तीव्र अल्कलीही खाते. म्हणून कॉस्टिक सोडाही नको. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो, त्याच्यापासून पितळी भाग जपावेत.

अमोनिया आणि पितळाचं हे वैर आपल्याच पावसाळ्यात प्रसिद्ध झालं. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवली जात, आणि ऋतू सरता सरता त्यांना आपोआप चिरा पडलेल्या आढळत. हंगामात होतं म्हणून त्याला 'हंगामी तडकणं' अशा अर्थाचं इंग्रजी नाव पडलं. खरं कारण विसाच्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट झालं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि काडतूस घडवताना पितळात राहून गेलेला ताण, ही तिन्ही एकत्र आली की पितळ तडकतं. जुन्या गाड्यांतल्या पितळी चकत्या आणि दिव्यांच्या कडाही अशाच दाबून घडवलेल्या असतात.

जस्ताबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आतल्या सामानाचं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे. १९२९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने जस्तात चारेक टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम, तांबं मिसळून ओतकामासाठी मिश्रधातूंचं एक कुटुंब तयार केलं. आपल्याकडच्या कारखान्यांत त्याला 'मझाक' म्हणतात. चारशे अंशांच्या आतच वितळतो, साच्यात दाबला की बारीकसारीक नक्षी उचलतो, आणि एका साच्यातून हजारो मुठी निघतात. स्वस्तात सुबक वस्तू देणारा ह्याच्याइतका गुणी धातू त्या काळात दुसरा नव्हता. पण तो प्लेटिंगच्या भरवशावर जगतो. क्रोमच्या छिद्रातून ओल आणि मीठ आत गेलं की निकेल आणि तांबं सुखरूप राहतात आणि बळी जस्ताचा जातो, कारण त्या तिघांत जस्त सगळ्यात चटकन गंजणारं. गंजलेल्या जस्ताची पांढरी पूड मूळ जस्तापेक्षा जास्त जागा मागते. ती वरच्या थराला आतून ढकलते आणि क्रोमवर फोड उठतात. मुंबईची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि दाराचं वाळून तडकलेलं रबर हे सगळं जुळून आलं तर फोडांना वेळ लागत नाही.

म्हणून फोड आलेल्या मुठीला पॉलिश नाही. फोड घासला की त्याचा टवका उडतो आणि खाली खड्डा दिसतो. अशा भागाची पुन्हा सगळी बांधणी करावी लागते, आणि जाणकार प्लेटिंगवाला ती कशी करतो हे एकदा पाहण्यासारखं आहे. आधी जुनं क्रोम आणि निकेल विजेचा प्रवाह उलटा देऊन उतरवतात. म्हणजे प्लेटिंगमध्ये धातू वस्तूवर चढतो, इथे वस्तूवरून द्रवात जातो. क्रोम सोड्याच्या पाण्यात, निकेल गंधकाम्लात. वेळेचं भान सुटलं तर खालचं जस्तही खाल्लं जातं. मग प्रत्येक खड्डा बारीक बरमाने पांढरी पूड संपेपर्यंत कोरून साफ करायचा. इथे दातांच्या डॉक्टरांची आठवण होते, आणि तुलना अगदी बरोबर आहे. किडलेलं थोडंही राहिलं तर भरलेला दात पुन्हा दुखतो, तसा इथे फोड पुन्हा येतो.

त्यानंतर तांबं. पण एरवीचा मोरचूद आणि गंधकाम्लाचा हौद जस्ताला सरळ चालत नाही. जस्त त्यात स्वतः विरघळू लागतं आणि तांबं त्याच्यावर भुसभुशीत, न चिकटणारं बसतं. म्हणून आधी सायनाइडच्या अल्कलीयुक्त द्रवातून तांब्याचा पातळ अस्तर-थर द्यायचा, आणि मग मोरचुदाच्या हौदात जाड तांबं चढवायचं. मोठे खड्डे ह्या अस्तरावर डाककामाच्या धातूने भरतात. तांबं चढवायचं, घासायचं, खड्डा दिसला तर पुन्हा चढवायचं, पुन्हा घासायचं. मूठ आरशासारखी तांबूस झाली की मग निकेल आणि शेवटी काही मिनिटांचं क्रोम. जो प्लेटिंगवाला म्हणतो "उद्या न्या", तो तांब्याची ही फेरी टाळतो. क्रोम खालच्या पृष्ठभागाचा नुसता आरसा असतं, ते काहीही झाकत नाही. मुठीची किंमत मी क्रोमवरून करत नाही, आता दिसेनाशा झालेल्या तांब्यावरून करतो.

हे काम कुणी घरच्या बादलीत करू नये. सायनाइडचं वेगळं सांगायला नको. क्रोमच्या हौदातलं सहा-संयुजी क्रोमियम माणसाला कर्करोग करणारं म्हणून जागतिक पातळीवर पक्कं नोंदलेलं आहे, आणि त्याचं सांडपाणी शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्यात जाणं भयंकर आहे. तीन-संयुजी क्रोमियमचे पर्याय आता मिळतात. त्यांची छटा थोडी काळसर येते. जुन्या मुठीशेजारी नवी लावली तर फरक डोळ्यांना जाणवतो, पण चार मुठी एकदम केल्या तर कुणाला कळतही नाही. सांडपाणी नीट हाताळणारा कारखाना शोधायला वेळ लागला तरी तो घालवावा, असं मला मनापासून वाटतं.

स्टेनलेसकडे आलं की जीव हलका होतो. क्रोमच्या मुठीवर क्रोमियम वरून चढवलेलं असतं, स्टेनलेसमध्ये ते पोटातच असतं, निदान साडेदहा टक्के. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली असं पोलाद तयार केलं. त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर काही नॅनोमीटरांचा अदृश्य पापुद्रा धरतं, आणि तो घासून काढला तर आपोआप पुन्हा धरतं. म्हणून उंबऱ्याच्या पट्ट्या, काचेभोवतीचं बिडिंग, हे माणूस घरी सुधारू शकतो.

पोचे काढून झाले की उंच राहिलेल्या जागा बारीक कानशीने हलक्या करायच्या. मग वॉटर पेपर, पाणी लावून. ३२० नंबरपासून सुरुवात, पुढे ४००, ६००, ८००, १२००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा आधीच्या दिशेला आडवी ठेवायची. ६००चे ओरखडे उभे असतील तर ८०० आडवा चालवायचा आणि एकही उभी रेघ दिसेनाशी होईपर्यंत पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. जवळजवळ सगळे नवशिके इथे घाई करतात. राहून गेलेली एक ३२०ची रेघ बफिंगनंतर दसपट ठळक दिसते, आणि मग सगळं पहिल्यापासून. त्यानंतर बफ. आधी सायझलचा कडक, मग सुती कापडाचा मऊ, त्यावर हिरवी पॉलिशची वडी. हिरवा रंग क्रोमियम ऑक्साइडचा. पितळाला आणि ॲल्युमिनियमला वेगळी वडी आणि वेगळा बफ. एकाच बफावर दोन वड्या लावल्या तर जाड कण बारीक कामात शिरतात. लोखंडी तारेचा गुंता स्टेनलेसवर कधीही फिरवू नये, लोखंडाचे कण रुततात आणि पहिल्या पावसात पट्टीवर लाल ठिपके उमटतात. शेवटी वडीचं मेण लाकडाच्या कोरड्या भुशात घोळवून काढायचं, प्लेटिंगवाले करतात तसं.

बफिंगचं यंत्र निरुपद्रवी दिसतं आणि ते तसं नाही. पट्टीची धार बफाच्या दिशेला समोरून लागली की बफ ती हातातून हिसकावतो. मग ती वाकते किंवा उडून अंगावर येते. काम नेहमी बफाच्या मध्याच्या खाली टेकवायचं आणि धार बफाच्या फिरण्यापासून दूर जाणारी असावी. सैल हातमोजे, शर्टाची बाही, ओढणी, कशालाही फिरत्या बफाजवळ जागा नाही. तोंडावर मास्क हवाच. ॲल्युमिनियमची बारीक पूड पेट घेऊ शकते, म्हणून ज्या जागी लोखंड घासल्याच्या ठिणग्या उडतात तिथे ती साचू देऊ नये.

ॲल्युमिनियमच्या ॲनोडाइज्ड पट्ट्यांना वेगळी वाट आहे. वरची काचेसारखी कातडी आधी कॉस्टिकच्या द्रावणात उतरवावी लागते, मग आतला मऊ धातू चमकवायचा, आणि मग पुन्हा ॲनोडायझिंग: गंधकाम्लाच्या हौदात, पट्टी धन टोकाला जोडून, आणि शेवटी गरम पाण्यात बुडवून कातडीची छिद्रं मिटवून. नुसतं चमकवून सोडून दिलं तर दोन महिने ती आरशासारखी दिसते, मग मंदावते आणि हाताला काळं लागू लागतं. दाराच्या पॅनेलवरच्या पट्टीला रोज कोपर घासतं, तिथे हे चालणार नाही.

सगळ्यात नाजूक म्हणजे धातू नसलेला धातू. साठच्या दशकापासून प्लॅस्टिकवर क्रोम चढू लागलं, आणि डॅशबोर्डवरची अनेक अक्षरं, गोल कडा, नॉबच्या टोकांवरच्या टिकल्या ह्या निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवलेल्या असतात. वर लॅकरचा पापुद्रा. त्या ॲल्युमिनियमची जाडी मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मलमाचं एक बोट फिरलं की खालचं करडं प्लॅस्टिक वर येतं आणि ते परत जात नाही. मी एका घड्याळाची कड अशी घालवली आहे. तेव्हापासून शंका आली तर मी फक्त ओलसर मऊ कापड फिरवतो.

सगळी चमक आरशाची नसते, हेही सांगायला हवं. कारखान्याने काही पट्ट्यांवर मुद्दाम एकाच दिशेच्या बारीक रेघा दिलेल्या असतात, ऊन ड्रायव्हरच्या डोळ्यांवर परतू नये म्हणून. त्या आरशासारख्या केल्या तर गाडी देखणी होते आणि दुपारी समोरून ऊन आलं की चालवायला त्रासाची. अशा पट्टीला पॉलिश नको, भांडी घासायच्या हिरव्या चोथ्यासारखा बारीक पॅड घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, न थांबता, एकाच दिशेने ओढायचा. मध्ये हात थांबला की तिथे खूण राहते.

सुटे करताना काच-हँडलांमध्ये कुठे आडवी पिन असते, कुठे घोड्याच्या नालेसारखी क्लिप. जोर लावायच्या आधी टॉर्च लावून बघावं. चकती दाबून धरली की मागची पिन दिसते. प्रत्येक दाराचे स्क्रू वेगळ्या पुडीत, पुडीवर नाव, आणि काढण्यापूर्वी फोटो. प्लेटिंगला देण्यापूर्वी प्रत्येक भागाचं वजन, मागच्या खुणा, भोकांची मापं लिहून ठेवावीत. जाड तांबं चढल्यावर भोकं लहान होतात आणि पिन बसत नाही. हे मला प्लेटिंगवाल्या काकांनी आधीच सांगितलं म्हणून निभावलं.

आमच्या चार मुठींपैकी तीन फोडांनी भरल्या होत्या, मागच्या दोन्ही आणि पुढची डावी. दारांच्या रबरातून पाणी उतरत होतं आणि त्या दारांना फारसा कुणाचा हात लागत नव्हता, ओल तशीच बसून राहायची. त्या तिन्ही पूर्ण उतरवून, कोरून, तांबं भरून नव्याने केल्या. ड्रायव्हरची मूठ मात्र झिजली होती, सडली नव्हती. निकेल कुठेही फुटलेलं नव्हतं. काका म्हणाले, "ही पण देऊन टाका, चारी सारख्या होतील." मी दिली नाही. बाबांच्या तीन बोटांचा आकार कोणताही कारखाना परत चढवू शकला नसता. साबणाने धुतली, रात्रभर वाळवली, मेणाचा पातळ हात दिला आणि जागेवर बसवली. निकेल उघडं आहे म्हणून ती थोडी लवकर मंदावते, एवढंच.

दर वर्षी मृग लागायच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मी दाराच्या चकत्या सैल करून त्यांच्या मागे मेण भरतो, रबरांच्या कडा तपासतो आणि चारही मुठींवर मऊ कापडाने मेण फिरवतो. तीन निळसर, एक पिवळसर. आई शेजारच्या सीटवर बसून कापड धुऊन देते, आणि त्या चौथीला अजूनही पितळाची म्हणते.